"वय झालं" म्हणून सोडून देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

म्हाताऱ्या माणसांच्या बीपी-शुगरबद्दल पेपरात नेहमी येतं पण त्यांच्या अंगातली ताकदच हळूहळू ओसरत जाते त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. डॉक्टर त्याला फ्रेल्टी म्हणतात, आपण घरात "आता वय झालं" म्हणतो आणि विषय संपवतो.

माझ्या आईचं सांगते. वर्षभरात तिच्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला, मला दिसत होतं तरी मी म्हटलं बरंय, वजन उतरलं, गुडघ्यांना आराम. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायची, पुढे झोका घ्यायची, परत मागे बसायची, मग दुसऱ्या झोक्यात कशीबशी उठायची. मी धावत जाऊन हात द्यायचे. पाणी मी आणणार, चष्मा मी आणणार, सगळं मायेनेच करत होते हो, पण तिचं दिवसभराचं उठणंबसणं मीच काढून घेतलं हे तेव्हा कळलं नाही. मग साधा ताप आला, आठ दिवस अंथरुणात गेले आणि ताप उतरल्यावर तिला बाथरूमपर्यंत चालता येईना! फ्रेल्टीत असंच होतं, शरीराकडे शिल्लकच उरलेली नसते, त्यामुळे एवढ्याशा आजाराने माणूस कोसळतो आणि लवकर सावरत नाही.

दवाखान्यात रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून घरी पाठवलं. जरा उठून चालून दाखवा असं कोणी तिला म्हटलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण खुणा ठरलेल्या आहेत, 2001 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच सांगितल्यात. मुद्दाम कमी न करता वर्षात साडेचार किलोच्या वर वजन जाणं, सतत थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. तीन दिसल्या तर फ्रेल, एक-दोन असतील तर माणूस त्या वाटेवर आहे. आणि चाल बघायला साधं घड्याळ पुरतं, चार मीटर चालायला पाच सेकंदांच्या वर लागले की पुढे तपासायचं. एवढं तरी प्रत्येक ज्येष्ठाच्या तपासणीत व्हायलाच हवं, बीपी बघतात तसं. पाच-सहा गोळ्या चालू असतील तर त्यातली कुठली आता नकोय तेही डॉक्टरांना विचारा, चक्कर आणि पडणं कितीदा गोळ्यांमुळेच असतं.

या वयात काय व्यायाम करणार असं म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. 1990 मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त लोकांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले होते, नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. म्हणजे स्नायू नव्वदीतही ऐकतात. सोबत जेवणात प्रोटीन पुरेसं हवं, शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम धरतात, किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

आम्ही फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलं. मी आता समोर नुसती उभी राहते, हात देत नाही, फार जड जातं ते. सध्या ती हात न टेकता सलग तीनदा उठते, चौथ्यांदा टेकावे लागतात.

आपली,
एक वाचक