विहिरीबाहेरची माणसं

पुणे, रविवार

प्रिय विनय,

तुझं पत्र परवा आलं. 'द रिंग' बघितल्यापासून रात्री टीव्हीचा प्लग काढून झोपतोस हे वाचलं आणि फार आनंद झाला. इतकी वर्षं या गोष्टीवर मनसोक्त बोलायला कुणी मिळत नव्हतं, आता तू सापडलास. शेवटी तू विचारलंस, "तुझं सगळ्यात आवडतं पात्र कोणतं? ती विहिरीतली मुलगीच ना?" याचं उत्तर एका ओळीत देता येणार नाही, म्हणून चहा घेऊन बसलोय. तूही निवांत वाच.

तू पाहिलास तो २००२ चा अमेरिकन चित्रपट. मूळ गोष्ट कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या जपानी कादंबरीतली. तिच्यावर १९९५ मध्ये जपानात टीव्हीसाठी चित्रपट झाला. १९९८ मध्ये हिदेओ नाकाता यांचा चित्रपट आला आणि ही गोष्ट जगभर पोचली. पुढच्याच वर्षी जपानी मालिका आली, कोरियन चित्रपट आला. शिवाय मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आहे, व्हिडिओ गेम आहे आणि सुझुकींच्याच पुढच्या कादंबऱ्या आहेत. बघितल्यावर ठरावीक मुदतीत, बहुतेक ठिकाणी सातव्या दिवशी, जीव घेणारी ती शापित कॅसेट जवळजवळ सगळीकडे आहे. माणसं मात्र दर ठिकाणी निराळी भेटतात आणि मला ओढ आहे ती त्या माणसांची.

आधी सादाकोबद्दल. तुझ्या चित्रपटात ती समारा झाली, मूळची ती सादाको यामामुरा. टीव्हीच्या काचेतून बाहेर येणारी ती बाई कादंबरीत नाहीच! तिथे मरणाऱ्याच्या छातीत कळ येते, श्वास कोंडतो, भीतीनं चेहरा विदारक होतो. समोर कुणी रांगत येत नाही. ते दृश्य चित्रपटवाल्यांचं. त्यातली चाल अंगावर येते, कारण भूमिका करणाऱ्या रिए इनो या नटीला उलट्या पावलांनी चालवलं आणि चित्रफीत उलटी फिरवली. शरीर पुढे येत असतं, पण प्रत्येक सांधा मागे जायच्या बेतात असल्यासारखा हलतो. मी ते दृश्य आवाज बंद करूनही पाहिलंय, काही फरक पडत नाही.

कादंबरीतली सादाको देखणी आहे. ओशिमा बेटावरून टोकियोला येऊन एका नाटक मंडळीत दाखल झालेली, रंगभूमीवर काहीतरी करून दाखवायची आस असलेली पोर. तिच्या या दिवसांवर सुझुकींनी पुढे एक वेगळी कथा लिहिली. तिच्यावरून २००० मध्ये 'रिंग ०' हा चित्रपट झाला, त्यात युकिए नाकामा सादाको झालीय. मंडळीतला ध्वनी सांभाळणारा तोयामा तिच्यावर जीव टाकतो. ती पहिल्यांदाच कुणाजवळ तरी हसते, आणि आपल्याला तर पुढचं सगळं ठाऊक असतं. भुताची गोष्ट बघताना "हिला वाचवा रे कुणीतरी" असं वाटणं काय असतं ते मला तिथे कळलं. तरीही ती माझी सगळ्यात आवडती नाही. तिची मला दया येते, आणि दया येणं निराळं.

आता एक गंमत बघ, खरं तर भयंकर गोष्ट. तिला विहिरीत कोण ढकलतं? कादंबरीत तो एक परका डॉक्टर आहे. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात तिचे वडील उपचार घेत असतात, तिथला. जपानमधला देवीचा शेवटचा रोगी तोच. तो तिच्यावर बलात्कार करतो आणि तिला विहिरीत टाकतो. तिच्या मनातला संताप आणि त्याच्या अंगातले देवीचे विषाणू यांच्या मिलाफातून कॅसेटचा शाप जन्मतो, असं सुझुकी मांडतात. म्हणून कॅसेट रोगासारखी पसरते. १९९८ च्या चित्रपटात हा डॉक्टर नाही, देवी नाही, बलात्कारही नाही. तिथे ढकलणारा आहे तिचा बाप, डॉक्टर इकुमा. आणि तू पाहिलेल्या चित्रपटात ढकलते ती सांभाळ करणारी आई. परक्यापासून सुरू झालेला गुन्हा असा घरात शिरत गेला. मला कादंबरीची बैठक जास्त पक्की वाटते, पण बापाच्या हातून ते घडताना पाहिलं की पोटात जो खड्डा पडतो तो कादंबरीनं पडला नव्हता.

आता शिझुको, सादाकोची आई. हिच्यावर मी तुला पानंच्या पानं लिहू शकेन. कॅसेटमध्ये आरशासमोर केस विंचरणारी बाई आठवते? ती हीच. चित्रपटात तिचा प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा आहे. इकुमा पत्रकारांसमोर तिच्या अतींद्रिय शक्तीचं प्रात्यक्षिक ठेवतात. ती बंद वस्तूतलं लिखाण बरोबर सांगते, आणि टाळ्या पडायच्या ऐवजी एक जण उठून "फसवणूक!" म्हणून ओरडतो. मग सगळे ओरडू लागतात. तो ओरडणारा जागच्या जागी कोसळून मरतो. त्या गदारोळात शिझुको वळून आपल्या लहान मुलीकडे बघते आणि तिला उमगतं की हे हिनं केलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येतं ते नीट बघ. जग आपल्यावर तुटून पडलंय याचं तिला दुःख आहे, पण लेकीची भीती त्याहून मोठी आहे. पुढे ती मिहारा ज्वालामुखीत उडी घेते.

हे सगळं हवेतून आलेलं नाही, विनय. चिझुको मिफुने नावाची एक बाई खरोखर होऊन गेली. जन्म १८८६, कुमामोतो भागातली. बंद पाकिटातलं वाचता येतं असा तिचा लौकिक झाला. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातले तोमोकिची फुकुराई तिचे प्रयोग घेऊ लागले. १९१० मध्ये टोकियोत मोठमोठ्या शास्त्रज्ञांसमोर प्रयोग झाला, त्यावरून वाद पेटला, वर्तमानपत्रांनी झोड उठवली. १९११ च्या जानेवारीत तिनं विष घेतलं. वय चोवीस. फुकुराईंनी पुढे दुसऱ्या बायकांवर प्रयोग चालू ठेवले, त्यांतल्या एकीचं नाव होतं सादाको ताकाहाशी. मिहाराचं विवरही कल्पनेतलं नाही. १९३३ मध्ये तिथे आत्महत्यांची लाटच आली होती. हे वाचल्यापासून मला तो पत्रकार परिषदेचा प्रसंग भुताच्या गोष्टीतला वाटतच नाही. तिच्याकडे शक्ती होती की नव्हती, यावर माझं मत शून्य. चोवीस वर्षांच्या मुलीला भरल्या सभेत उभं करून तिचा निकाल लावला गेला, हे मात्र मन मान्य करत नाही. कादंबरीतल्या शिझुकोला ही शक्ती मिळते ती समुद्रात टाकून दिलेली एका तपस्व्याची दगडी मूर्ती तिनं बुडी मारून बाहेर काढल्यावर. रात्रीची वेळ, होडी वल्हवणारा एक गावकरी, आणि ही काळ्या पाण्यात उतरते. त्या पानांसाठी तरी कादंबरी वाच.

र्‍यूजीवरून मात्र आपलं भांडण होणार, कारण तू लिहिलंयस की "तो नवरा उगाच आहे." तुझ्या चित्रपटातला नोआ मलाही बेताचाच वाटतो. पण जपानी र्‍यूजी ताकायामा बघ, हिरोयुकी सानादा यांनी केलेला. गणिताचा प्राध्यापक, थोडा तुसडा, माणसांना स्पर्श केला की त्यांचं काहीबाही जाणवणारा. घटस्फोटित बायको मदतीला बोलावते तेव्हा तो पहिल्यांदा तिचा फोटो काढतो, आणि फोटोत तिचा चेहरा वितळल्यासारखा आलेला असतो. मग तो शांतपणे कॅसेट मागतो आणि बघतो. कुणी जबरदस्ती केलेली नाही. जिच्याशी संसार टिकला नाही तिच्या मरणाच्या मुदतीत तो आपण होऊन जाऊन बसतो. यावर एकही मोठं वाक्य त्याच्या तोंडी नाही. कादंबरीतला र्‍यूजी फार वेगळा आहे. नायकाचा शाळेपासूनचा मित्र, तत्त्वज्ञान शिकवणारा, आणि आपण बायकांवर बलात्कार केलेत असं मित्राला बिनदिक्कत सांगणारा. ते खरं की थाप, याचा पत्ता शेवटपर्यंत लागू देत नाहीत. असा माणूस मदतीला असणं हे शापाइतकंच अस्वस्थ करतं. लेखक म्हणून सुझुकींची ती धमक मी मानतो, पण घरी जेवायला बोलवायचा झाला तर सानादांचाच र्‍यूजी.

कादंबरीतला नायक असाकावा हा पुरुष आहे. पत्रकार, घरी बायको आणि तान्ही मुलगी. चित्रपटानं त्याची रेइको केली, एकट्यानं मुलगा वाढवणारी आई. या बदलानं गोष्टीला एक प्रसंग मिळाला, ज्यासाठी मी चित्रपटाला कादंबरीच्या वर ठेवतो. दोघं विहीर उपसताहेत. र्‍यूजी खाली, रेइको वर बादल्या ओढतेय, अंधार पडत आलाय, तिची मुदत संपत आलीय. तिच्या हातात त्राण उरत नाही तेव्हा तो वर येऊन तिला मुलाची आठवण देऊन खडसावतो आणि तिला खाली पाठवतो. गुडघ्याच्या वर गढूळ पाणी. ती हातानं चाचपत राहते. हाताला केस लागतात, मग कवटी. आणि विनय, ती किंचाळत नाही. ती त्या सांगाड्याला छातीशी धरते, मुलाला धरावं तसं. माझ्या मते हा सगळ्या रूपांतला सर्वांत सुंदर क्षण. तीस वर्षं कुणी शोधायला आलं नाही त्या पोरीला शेवटी एका आईनं कुशीत घेतलं. आणि त्याचा शापावर काडीचाही परिणाम होत नाही. दुसऱ्या दिवशी र्‍यूजी मरतो. रेइको वाचली ती त्या मायेमुळे नाही, तर तिनं कॅसेटची नक्कल करून दुसऱ्याला दाखवली होती म्हणून.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझं सगळ्यात आवडतं पात्र आहे रेइकोचे वडील.

तुला ते माहीत नाहीत, कारण अमेरिकन चित्रपटात ते नाहीतच. जपानीतही दोन-तीनदाच दिसतात. गावाकडचं घर, जवळ ओढा, नातवाबरोबर पाण्यात उतरलेला म्हातारा. लेक काहीतरी लपवतेय हे त्यांना जाणवतं, पण ते खोदून विचारत नाहीत. त्याच रात्री, त्याच घरात, छोटा योइची ती कॅसेट बघतो. शेवटी रेइकोला कळतं की मुलाला वाचवायचं तर त्याच्याकडून नक्कल करवून ती दुसऱ्या कुणाला तरी दाखवायला हवी. ती व्हीसीआर गाडीत टाकते आणि वाटेत फोन लावते. बाबा, एक काम आहे, योइचीसाठी. बस, एवढंच. पलीकडचं उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. पुढे लांबलचक रस्ता आणि वर भरून आलेलं आभाळ.

कादंबरीतही शेवट असाच आहे. असाकावा बायकोच्या माहेरी निघालाय, सासू-सासऱ्यांना कॅसेट दाखवायला. पण तिथे तो पुरुष मनात हिशोब करत गाडी हाकतो, आणि सासऱ्यांची आपली ओळखच झालेली नसते. तुझ्या चित्रपटात मुलगा आईला विचारतो की आपण ज्याला दाखवू त्याचं काय होईल, आणि ती गप्प राहते. तो प्रश्नही धारदार आहे, पण तिथे तो 'कुणीतरी' बिनचेहऱ्याचा आहे. इथे त्या कुणीतरीला आपण ओढ्यात पँट दुमडून उभं राहिलेलं पाहिलंय.

आणि मला पक्कं वाटतं, ते नाही म्हणणार नाहीत. लेकीनं पुरतं सांगितलं तरी, न सांगता फसवलं तरी. गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. बाबा बाहेर पडवीत बसून माझ्या मुलीला हरभऱ्याचे घाटे सोलून देत होते. बनियनच्या बाहेर दंडावर देवीच्या लसीचा तो जुना गोल वण. मी दारात उभा होतो आणि मनात आलं, मी यांना असं काही मागितलं तर हे काय विचारतील? बहुतेक एवढंच, की टीव्ही बाहेरच्या खोलीत लावायचा की आतल्या. त्यांनी मान वर करून "काय रे?" विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्या रात्री घरचे झोपल्यावर मी मोबाइलवर रेइकोच्या त्या फोनचा प्रसंग पुन्हा लावला आणि संपेपर्यंत बघू शकलो नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाला उशीर लागला. सादाको, शिझुको, र्‍यूजी, रेइको यांच्यावर जे काही येतं ते त्यांच्या वाट्याला येतं किंवा ते स्वतः ओढवून घेतात. त्या म्हाताऱ्याकडे मात्र ते मागितलं जातं, स्वतःच्या लेकीकडून.

कादंबरीचं इंग्रजी भाषांतर उद्या कुरियरनं पाठवतोय. आधी नाकातांचा चित्रपट बघ, मग पुस्तक, आणि त्यानंतरच 'रिंग ०'. जपानी मालिकेच्या वाटेला एवढ्यात जाऊ नकोस. पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा आहेत त्या माझ्याच, शिझुकोच्या होडीच्या प्रकरणात जरा जास्त आहेत. चित्रपट बघून झाला की लगेच लिही, आणि शेवटच्या फोननंतर पलीकडून काय उत्तर आलं असेल असं तुला वाटतं, ते आधी लिही.

वहिनींना नमस्कार, ओजसला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत