दाढ काढण्यापूर्वी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तोंडाच्या कर्करोगाच्या उपचारांना पाच वर्षे पूर्ण झाली आणि डॉक्टरांनी यापुढे वर्षातून एकदाच यायला सांगितले, हे वाचून घरात सगळ्यांनाच आनंद झाला. परंतु पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेला आहेस की खालची दाढ ठणकते आहे आणि येत्या आठवड्यात गावातल्याच दातांच्या डॉक्टरांकडून ती काढून घेणार आहेस. त्या एका ओळीमुळे मी आज तातडीने लिहायला बसलो. कृपा करून ती दाढ इतक्यात काढू नकोस.

तुला ऑपरेशननंतर ज्या बाजूला शेक (रेडिएशन) दिले, त्याच बाजूची ही दाढ आहे. शेकांमुळे जबड्याच्या हाडातील बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि मग एरवी काही आठवड्यांत भरून येणारी दाढेची खाच महिनोन्‌महिने उघडी राहून हाड कुजण्याची भीती असते. विशेष म्हणजे ही जोखीम काळ लोटला म्हणून संपत नाही. पाच वर्षांनीही ती असते आणि दहा वर्षांनीही. गावातल्या डॉक्टरांचा यात काही दोष नाही, तू सांगितले नाहीस तर त्यांना कळणार तरी कसे? फाईलमध्ये शेकांचा कागद असेल. त्यावर मात्रा ‘ग्रे’ या एककात लिहिलेली असते. ऑपरेशननंतरच्या शेकांत बहुधा सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे. तो कागद त्यांच्यापुढे ठेव आणि जिथे शेक घेतलेस तिथल्या दंतविभागाचा सल्ला आधी घे. पुष्कळदा दाढ न उपटता रूट कॅनाल करून मुळे तशीच ठेवता येतात.

मुळात ही दाढ किडली ती शेकांनी लाळ आटल्यामुळे. लाळ नुसती घास ओला करत नाही, ती दात राखते. मीही तुझ्यासारखेच शेक घेतलेले, त्यामुळे माझेही तसेच आहे. भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय घास उतरत नाही आणि रात्री उशाशी पाण्याचा तांब्या लागतोच. म्हणून दातांच्या डॉक्टरांनी सांगितलेली फ्लोराइडची जेल मी रोज रात्री लावतो, खाल्ल्यावर चूळ भरण्यात हयगय करत नाही आणि दात दुखोत वा न दुखोत, ठरल्या वेळी दाखवून येतो.

तोंड किती उघडते ते आरशासमोर अधूनमधून बघतोस ना? स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये बसली पाहिजेत. मला मध्यंतरी जेमतेम दोन बसत होती. तेव्हा फिजिओथेरपीच्या बाईंनी आइसक्रीमच्या लाकडी काड्यांची जुडी दातांत धरायला लावली आणि जबडा सैलावेल तशी एकेक काडी वाढवत नेली. व्यायाम थांबला की तोंड पुन्हा आवळू लागते, म्हणून तो मी अजूनही सोडलेला नाही. मानेतल्या गाठी काढल्यामुळे खांदा धरतो, त्याचेही तसेच.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हल्ली थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते आहे, हे सगळे तू वयावर ढकलले आहेस. मानेवर शेक घेतलेल्या पुष्कळांची थायरॉइड ग्रंथी काही वर्षांत मंदावते. त्यासाठी सहा ते बारा महिन्यांतून एकदा रक्ताची टीएसएच तपासणी करायची असते. साधी तपासणी, आणि दोष निघालाच तर रोजची एक गोळी. ती तपासणी याच आठवड्यात करून घे. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा वरचेवर छातीत कफ होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग, कारण गिळताना अन्नपाण्याचा अंश श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते, आणि कधीकधी तर ठसकाही न लागता जातो.

वहिनी फोनवर म्हणाल्या की जेवणानंतर भाजकी सुपारी पुन्हा सुरू झाली आहे. तंबाखू नाही, नुसती सुपारी, असे तुझे म्हणणे. नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे, आणि आपल्या तोंडाच्या अस्तराने आधीच इतकी वर्षे तंबाखू सोसली आहे की दुसऱ्या जागी नवा कर्करोग उद्भवण्याचा धोका आपल्याला इतरांपेक्षा जास्तच. तू आजही वहिनींच्या हातचे जेवतोस, हे माझ्यासाठी फार मोठे आहे रे. ती सुपारी आजच टाकून दे.

लग्नकार्यात चारचौघांत जेवायला संकोच वाटतो म्हणून तू जाणेच सोडलेस, हेही मला कळले. पुढच्या कार्याला आपण दोघे एका पंगतीत शेजारी बसू आणि लागेल तितका वेळ जेवू.

दंतविभागाची वेळ ठरली की कळव, मी आदल्या दिवशी येतो. फाईल, शेकांचा कागद आणि दाढेचा एक्स-रे एकाच पिशवीत काढून ठेव. तोवर दुखणे वाढले, गालावर सूज आली किंवा ताप आला, तर वेळेची वाट न पाहता सरळ रुग्णालय गाठ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र