विजापूर नाक्यावरच्या कुशनवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

ओळखलंत का? ती लाल सॅन स्टॉर्म, फायबर बॉडीची, दोन सीटची स्पोर्ट्स कार. तिच्यातून उतरल्यावर दार धरून दोन मिनिटं वाकून उभा राहिलेला तो मी. परवा तुळजापूरला जाऊन आलो. येऊन-जाऊन नव्वद किलोमीटर, वर घाट. कंबर एकदाही बोलली नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी तिघांकडे फिरलो होतो. एका गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं, स्पोर्ट्स कार अशीच असते, सवय करा. एका दुकानदाराने अठराशेची गादी गळ्यात मारली. तिच्यावर बसलं की प्रत्येक खड्ड्याला डोकं टपावर, आणि आपल्या सोलापुरात खड्डे किती ते तुम्हाला काय सांगायचं. तिसरा नुसताच माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून हसला.

तुम्ही म्हणालात, "साहेब, आधी पाकीट काढा की." मागच्या खिशातलं ते जाडजूड पाकीट! कार्डं, पावत्या, कधीचं काय काय. इतकी वर्षं मी एका कुल्ल्यावर उंच बसत होतो आणि सीटला शिव्या देत होतो.

मग मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या फरशीवर बसलात, दारातून आत डोकं घातलंत. "क्लच पार दाबा." गुडघ्याखाली हात घालून बघितलंत, तर पाय काठीसारखा ताठ. पेडल गाठायला मी दर वेळी पुढे घसरत होतो, हे मलाच ठाऊक नव्हतं. मला पार मागे टेकून बसवलंत, सीट दोन खाचा पुढे घेतलीत, पाठ उभी केलीत. आणि माझं मनगट धरून स्टिअरिंगच्या माथ्यावर ठेवलंत, बापाने पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं तसं. खांदे न सुटता मनगट टेकलं, म्हणजे जमलं. हात ताणून, आडवं पडून चालवायची माझी ऐट तिथंच संपली. घाटात वळणावर कोपर वाकलेलं आणि पाठ सीटला चिकटलेली, तेव्हा कळलं गाडी हातात असणं म्हणजे काय.

गिऱ्हाइकासाठी खाली बसणारी माणसं आता राहिली कुठं? नवं कुशन करा म्हणालो, तर "ह्याला कुशन नको" म्हणून स्वतःचाच धंदा मोडलात. सीट सरकते त्या रुळाला ग्रीस लावल्याचे पन्नास रुपये तेवढे घेतलेत.

रविवारी धाकट्या भावाला पाठवतोय. त्याचंही पाकीट फुगलेलं आहे.