मुख्याध्यापकाला वर्गात जाऊ द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत 31 वर्षं शिकवून मी निवृत्त झालो. पोरं मागं पडली की गुरुजींचं प्रशिक्षण निघतं. तालुक्याला जायचं, सही ठोकायची, चहा घ्यायचा, पुस्तिका पिशवीत टाकून परत. माझं शिकवणं सुधारलं ते मात्र एका मुख्याध्यापकामुळं.

नोकरीचं तिसरं वर्ष. तिसरीला हातच्याची वजाबाकी चालली होती आणि हे येऊन मागं पोरांत मांडी घालून बसले. माझ्या पोटात गोळा. तास संपल्यावर एवढंच म्हणाले, "गुरुजी, बेचाळीसातून सतरा तुमच्या फळ्यावरनं गेले. पोरांच्या हातातनं कुठं गेले?" दुसऱ्या दिवशी तुराट्यांचा भारा घेऊनच आले. काड्या मोडून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. एक जुडी सोडली की दोनाचे बारा होतात, हे पोरांनी स्वतः मोजलं. लॉगबुकात शेरा मारला नाही. पुढच्या आठवड्यात मीच म्हणालो, सर, वर्गावर या.

दसऱ्याआधी ते संध्याकाळी घरोघर फिरायचे. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या जोडप्यांना सांगायचे, टोळी जाऊ द्या, पोरगं आजीपाशी ठेवा. मुख्याध्यापकच निघाल्यावर आम्ही घरी कसे बसणार?

शेवटच्या शाळेत मुख्याध्यापक होते ते प्रभारी. दोन वर्ग त्यांच्याकडं, वर खिचडीचा तांदूळ, यू-डायसवर शाळेची माहिती, शालार्थवर पगारबिलं, पोरांच्या आधारच्या नोंदी. शाळेला ना लिपिक, ना शिपाई. दुसऱ्याच्या वर्गात ते डोकावणार कधी? आम्ही शिक्षक कामचुकार नव्हतो, पण कुणी पाहणारं, विचारणारं नसलं की धडा उरकला जातो. मीही उरकलाय.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत 150 हून जास्त पट असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापक. वाडी-तांड्यावर एवढी पोरं आणायची कुठून? आणि पद असलं तरी पदोन्नती ज्येष्ठतेनं. मी पाहिलेल्या कितीतरी जणांना ती निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं तेव्हा मिळाली. तोवर माणूस पेन्शनचे कागद जुळवायला लागलेला असतो.

प्रत्येक शाळेला मुख्याध्यापक देणं परवडणार नाही, हे कळतं. मग आसपासच्या शाळांचं केंद्र सांभाळणाऱ्या केंद्रप्रमुखाची खुर्ची तरी रिकामी ठेवू नका, आणि त्याला कागद पोचवणारा टपाल्या करू नका, वर्गात बसू द्या. पदोन्नती पाच वर्षं सेवा शिल्लक असताना द्या. केंद्रातल्या सगळ्या शाळांची माहिती भरायला एक लिपिक द्या.

पदभरतीला वेळ लागेल. लिपिकाची सोय त्यामानानं लवकर होईल. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्याआधी झाली तर बरं.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
जिल्हा बीड