चिंध्यांना इस्त्री करणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही मशीनचा पायटा जोरात मारता आणि ‘काय ऐकू येईना वो’ म्हणता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेल. मध्येच ‘बास झालं’ म्हणून तिला थांबवू नका, एवढीच विनंती.

ज्यांना मास्तर माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्यांचं शिंप्याचं दुकान सांगलीत, मारुती रोडच्या आत एका बोळात आहे. एक मशीन, एक कटिंगचं टेबल, नामदेव महाराजांची तसबीर, आणि भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर मातकट रेघ. ती रेघ 2019 च्या ऑगस्टमधली. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वर्षी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. मास्तरांनी नंतर भिंत रंगवली, पण रेघेवरून ब्रश फिरवला नाही. दुकानाच्या पाटीवरची निम्मी अक्षरंही त्याच पाण्यात गेली. त्यांना वाटतं गिऱ्हाइकाला दुकान माहीत आहे, पाटी कशाला?

मी घरात लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू शिवते. गरम भांडं उचलायची फडकी, पोळ्यांच्या डब्यातले रुमाल, मिक्सरवर घालायची कव्हरं, पायपुसणी, भाजीच्या पिशव्या, तान्ह्या बाळाची दुपटी आणि कुंच्या. मशीन सासूबाईंचं. महापुरात तेही बुडालं होतं. रॉकेलनं धुऊन, तेल पाजून ते चालू झालं, एवढंच सांगते, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा कापडी पिशव्यांना जरा मागणी आली. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मास्कवर घर चाललं. पुढे मास्क थांबले, पण हात बसला होता, आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्यामुळे बाहेरची नोकरी जमणारी नव्हती. हे सगळं काम उरलेल्या कापडावर चालतं. नवीन कापड विकत आणून भांडी धरायची फडकी शिवली तर ती कुणाच्या बापाला परवडायची नाहीत.

लोक म्हणतात, चिंध्या काय, फुकट मिळतात. मिळतात खऱ्या, पण देणारा भेटला तर.

इथं मला थोडी भडास काढू द्या, मास्तर. तुम्हाला आवडणार नाही, पण तुम्ही कधी कुणाबद्दल वाईट बोलत नाही तेवढा कोटा माझ्याकडं शिल्लक आहे. शहरात एक मोठं कापडाचं दुकान आहे, वर शिवणकामाचा कारखाना. नाव लिहीत नाही. तिथं पोत्यानं कात्रणं निघतात. मला आधी संध्याकाळी या म्हणाले, मग शेठ आल्यावर या, मग स्टॉक बघून सांगतो. चिंध्यांचा कसला आलाय स्टॉक! शेवटी शेठ भेटले आणि म्हणाले, ‘तुम्हाला दिलं तर उद्या दहाजणी येतील.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घेऊन येत होते, तर तेच पोतं घंटागाडीत पडताना दिसलं. वरच बॉटल ग्रीन खणाचा हातभर तुकडा होता. गाडीवाल्याला थांबवून काढून घ्यावा असं एक क्षण वाटलं, पण दुकानातला पोऱ्या बघत होता.

दुसरा अनुभव एका भेटवस्तूंच्या दुकानाचा. ‘ठेवून जावा, विकलं की पैसे.’ मी माझ्या वस्तू ठेवल्या. पावसाळा झाल्यावर विचारायला गेले तर म्हणे उंदरांनी खाल्ल्या. सगळा माल नाही, फक्त इरकल काठाच्या पिशव्या. उंदरांची आवड उच्च होती म्हणायची.

असं सगळं डोक्यात घेऊन मी तुमच्या दुकानाच्या पायरीशी आले होते. तुम्ही तोंडातली टाचणी काढून विचारलंत, ‘कशाला पाहिजे?’ मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘आठवड्यानं या.’ मी मनात म्हटलं, झालं, हेही शेठच. आठवड्यानं आले तर गाठोडं तयार होतं.

ते गाठोडं घरी उघडलं आणि काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते पटकन कळेना. सगळे तुकडे सपाट होते. एकावर एक, मोठे खाली, लहान वर, तिरके-तिकोनी वेगळे, आणि मधून कापडाच्या काठाच्या पट्टीनं बांधलेले. मला वाटलं शिंप्याकडं कात्रणं अशीच निघत असतील. पुढच्या खेपेलाही तसंच. मी कधी विचारलंही नाही.

मग एकदा मला लवकर निघावं लागलं म्हणून मी दुकान बंद व्हायच्या वेळेला न येता जरा आधी आले. तुमची पाठ होती. शेवटच्या पँटची घडी टेबलावर ठेवलेली, इस्त्रीचं बटण बंद, वायर भिंतीवरून काढून गुंडाळलेली. आणि तुम्ही टेबलाखालच्या झोळीतून एक-एक चिंधी काढत होता. टोपणाला भोकं पाडलेल्या बाटलीतून पाण्याचे थेंब मारायचे, तळहातानं तुकडा पसरायचा, आणि त्या जड इस्त्रीची पाठ त्याच्यावरून एकदाच फिरवायची. सर्रकन वाफ यायची. मग तुकडा उजवीकडं. शर्टाच्या बगलेतनं निघालेली वीतभर चिंधी, तिला इस्त्री! मी दारात उभी राहून बघत होते. तुम्ही वळलात, चोरी सापडल्यागत हसलात आणि म्हणालात, ‘इस्त्री तापल्यालीच असती. बंद केली तरी गार व्हायला येळ लागतोय. वाया जायची ती ऊब.’

उरलेल्या उबेत उरलेलं कापड. मी रस्ताभर तेच घोळवत गेले.

शिवणकाम न करणाऱ्यांना यात काय एवढं असं वाटेल. चुरगळलेल्या तुकड्याचा उभा धागा कुठला, आडवा कुठला, कळत नाही. तो तसाच कापला तर चौकोन चौकोन राहत नाही, आणि धुतल्यावर फडकं एका कोपऱ्यात ओढलं जातं. म्हणून आधी प्रत्येक तुकडा इस्त्री करायचा, मगच कात्री. या कामाचा निम्मा वेळ त्यातच जातो, आणि तो दिसत नाही, त्याचे पैसे कुणी देत नाही. माझी शिवायची वेळ म्हणजे दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की ते त्यांना चहा लागेपर्यंत. त्या वेळात इस्त्रीच करत बसले तर मशीनला हात कधी लावायचा? तुमच्या गाठोड्यातला तुकडा काढला की थेट मापाचा पुठ्ठा ठेवून कापता येतो. कापड बऱ्याच जणांनी दिलं असतं हो. माझ्या घरी आल्यावर त्या कापडाचं पुढं काय होणार, एवढा विचार तुम्ही केलात. मी तुम्हाला माझ्या दुपारीबद्दल कधी एक शब्द बोलले नव्हते.

तुमचं बाकीचं देणंही कमी नाही. सुती वेगळं आणि पॉलिएस्टर मिसळलेलं टेरिकॉट वेगळं बांधायचं हे तुम्हीच सुरू केलंत. भांडी धरायच्या फडक्यात टेरिकॉटचा एक तुकडा गेला तरी तवा धरल्यावर तो वितळतो आणि बोटाला चिकटतो. तुम्हाला दोन बोटांत चोळून कळतं. मला कळत नाही म्हणून तुम्ही काडी पेटवून दाखवलंत: धागा कागदासारखा जळून राख चुरली तर सूत, आखडून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. आजही शंका आली की मी गॅसजवळ चिमट्यात धागा धरते आणि सासूबाई ओरडतात, काय जळतंय गं. फडक्याच्या पोटात नवीन काही घालू नका, जुना टॉवेल दुहेरी घाला, हेही तुमचंच. आणि खण धुतल्याशिवाय पांढऱ्याच्या शेजारी लावायचा नाही.

तुमच्या झोळीवरून मला आता वर्ष कळतं. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, तेव्हा खण, जरीच्या पट्ट्या आणि ब्लाउजच्या टू बाय टू कापडाचे रंगीबेरंगी तुकडे. जून आला की गणवेश, नुसता गडद निळा, खाकी आणि चौकडी. दिवाळीला शर्टाचं कापड. गणवेशाच्या निळ्याची मी पायपुसणी करते, मळ दिसत नाही आणि झिजतही नाही. गुळेदगुड्डच्या खणाचे तुकडे मात्र मी साठवून ठेवते. त्याची पट्टी साध्या सुती पिशवीच्या तोंडाला लावली की पिशवी विकायला तोंड उघडावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी लोकांना कळायला हवी. शिंपी कापड ढापतात असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. मी तुमच्या दुकानात बसलेली असताना प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही विचारलंत, ‘उरल्यालं नेताय का ठेवू?’ एका बाईंनी वीतभर अस्तर मागितलं तर झोळीत हात घालून शोधून दिलंत, आणि ते मला देण्यासाठी आधीच बाजूला काढलेलं होतं. माझ्या गाठोड्यात कुणाची हरकत असलेला एक दोरासुद्धा नाही, हे मी कुणालाही सांगू शकते.

महापुरानंतरची एक गोष्ट तुमच्यामुळं परत डोळ्यांपुढं आली. आमच्या गल्लीत बाहेरगावाहून जुन्या कपड्यांचे ढीग आले होते. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण बटणं तुटलेले शर्ट, चेन गेलेल्या पँटी, उसवलेले ब्लाउज, अर्धं ओलं, अर्धं कुबट. घर धुऊन काढायचं का ते कपडे निवडायचे? बायका दोन वस्तू उचलायच्या आणि तोंड फिरवून जायच्या. त्या ढिगात मला एक पिशवी सापडली. आत धुतलेली सुती साडी, तिच्या घडीत ब्लाउज, चार सेफ्टी पिना एका चिंधीला टोचलेल्या, आणि परकर. परकराला नाडी ओवलेली होती. ज्या बाईनं ती भरली तिला माहीत होतं की पुरातून उठलेल्या घरात नाडी शोधायला कुणी जाणार नाही. कुठली कोण, नाव नाही, चिठ्ठी नाही. मी ती साडी फाटेपर्यंत नेसले, आता तिची वाकळ झाली आहे.

मदत पुष्कळ लोक करतात. फोटो काढून करतात, हार घालून घेऊन करतात, आणि तरीही ती मदतच असते, मी नावं ठेवत नाही. पण घेणाऱ्याला पुढची खटपट करायला लागू नये, म्हणून नाडी ओवून देणारी माणसं वेगळीच. ती बाई मला कधी भेटणार नाही. तुम्ही भेटलात, बोळाच्या तोंडाशी, रोजच्या वाटेवर. त्या शेठना मी हे पत्र मुद्दाम पाठवणार आहे. राग म्हणून नाही. बरं, थोडा राग म्हणूनसुद्धा. त्यांच्याकडं वाफेची इस्त्री आहे, पगारी माणसं आहेत, आणि पोतं आजही घंटागाडीत जातं.

मास्तर, तुम्ही माझ्याकडून कापडाचे पैसे घेत नाही. पहिल्या दिवाळीला मी पाकीट ठेवलं तर तुम्ही ते माझ्याच गाठोड्यात परत घातलंत, मला घरी गेल्यावर सापडलं. म्हणून यंदा पैसे नाहीत. तुमच्या स्टुलावर बसायला गादी शिवली आहे. वर खाकी, आत जुनं ब्लँकेट, मधून वाकळीचा धावदोरा घातलाय, कडेकडेनं सुरू करून आत आत. तुमचं कमरेचं दुखणं मला माहीत आहे, नातीनं सांगितलं. दिवसभर पायटा मारायचा आणि बसायला उघडं लाकूड, हे काही बरं नाही. चारी कोपऱ्यांना बंद लावलेत, तुम्ही फक्त स्टुलाच्या पायांना बांधायचे. बांधायला मीच येते म्हणा, वाकू नका तुम्ही.

आणि यंदा गणवेशातला निळा जास्त राखून ठेवा. विश्रामबागच्या एका शाळेतल्या बाईंनी पायपुसणी सांगितली आहेत, वर्गागणिक एक. घाई नाही, शाळा सुरू झाली की मी येतेच.

आपली,
बोळाच्या कोपऱ्यावरची पिशवीवाली
सांगली