आईला विचारून लिहून घे

शिकागो
२ जानेवारी

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

काल इथं नवं वर्ष. माझ्याबरोबर कामाला असलेल्या बाईनं जेवायला बोलावलं होतं. इथल्या कृष्णवर्णीयांच्या घरी या दिवशी चवळी आणि पालेभाजी लागतेच, वर्षभर हातात पैसा खेळावा म्हणून. चवळी आपल्याकडचीच, फक्त तीत डुकराचं मांस घालून मंद आचेवर शिजवतात. माझ्यासाठी तिनं बिनमांसाचं वेगळं पातेलं चढवलं होतं. बाई दोन नोकऱ्या करते, तरी महिनाअखेरीला चर्चमधल्या फुकटच्या शिध्यासाठी रांगेत उभी असते. भाडंच सगळं खातं.

जेवताना बेटी जोन्सचा विषय निघाला. २०१५ चा नाताळ झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या वरच्या मजल्यावरच्या एका बापानं आपलं पोरगं बिथरलं म्हणून पोलिसांना बोलावलं. पोरगा १९ वर्षांचा, कॉलेजात शिकणारा, हातात बॅट. बेटी खाली राहायची. पोलीस आले की दार उघड, एवढंच तिला सांगितलेलं. गोळ्या सुटल्या आणि दोघंही गेले. ५५ वर्षांची, पाच लेकरांची आई गं! पुढं शहरानं तिच्या घरच्यांना १ कोटी ६० लाख डॉलर दिले, गोळ्या झाडणाऱ्याची नोकरी गेली, पण त्याच्यावर खटला काही झाला नाही. त्याच्या महिनाभर आधीच लक्वान मॅकडोनाल्ड या १७ वर्षांच्या मुलाला पोलिसानं १६ गोळ्या घातल्याची चित्रफीत बाहेर आली होती. तीसुद्धा तेरा महिन्यांनी, कोर्टानं हुकूम दिला तेव्हा. त्यातला पोलीस २०१८ मध्ये दोषी ठरला.

मला तिथं बसल्या बसल्या निपाणी आठवली. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले होते, पाडवा नुकताच झाला होता, आणि पोलिसांचा गोळीबार झाला. आई सांगायची, पुरण तसंच पडून आंबलं, कुणी शिवलं नाही. मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळताच सांगायची, कारण छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की मजुरी कापली जायची. आपण दोघी पानं कातरत अर्धवट ऐकायचो.

निपाणीची चित्रफीत कुठली असणार? मेलेल्यांची आठवण गावानं ठेवली, पण वखारीतल्या आणि चुलीपुढच्या बायकांनी काय पाहिलं ते कुणी विचारलं नाही. आईला अजून सगळं लख्ख आठवतंय. कोल्हापूरहून तासाभराची वाट आहे, या रविवारी जाच. मोबाईलवर आवाज घे आणि वहीतही उतरव. हायवेवर बसलेल्यांना भाकऱ्या कुठल्या गावांतून यायच्या, वखार किती दिवस बंद होती, तेवढे दिवस घर कसं चाललं, कुणाच्या उधारीवर, सगळं विचार. उगाच जुनं कशाला उकरता म्हणेल. तिचं ऐकू नकोस. मावशीलाही शेजारी बसव, एकीचं चुकलं तर दुसरी लगेच अडवते.

वहीची पानं फोटो काढून पाठव. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी