टायमिंग घडते कुठे?

महोदय,

अशोक सराफ यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यावर त्यांच्या टायमिंगची तारीफ पुष्कळ झाली. ते घडते कसे, यावर फारसे कोणी लिहिले नाही. बँकेची नोकरी सांभाळत नाटके, १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून पडद्यावर ओळख, १९९५ पासून ‘हम पांच’सारखी मालिका, असा त्यांचा प्रवास. या तिन्ही ठिकाणी हशाचे गणित वेगळे असते.

नाटकात हशा चढून उतरू लागला की पुढचे वाक्य टाकायचे. आधी बोलले तर शब्द हशात बुडतात, पूर्ण शांततेची वाट पाहिली तर प्रवेश थंड पडतो. चित्रीकरणात समोर हसणारे कोणी नसते. विराम शेवटी संकलक ठरवतो. म्हणून वाक्य संपल्यावरही चेहऱ्यावरचा भाव दोनेक सेकंद धरून ठेवावा लागतो, नाहीतर त्याला कापायला जागाच उरत नाही. नाटकातून आलेले बरेच नट इथेच फसतात. क्लोजअपमध्ये सहकलाकाराच्या वाक्यावर वाक्य चढवले तर आवाज मिसळतो आणि टेक वाया जातो. चष्मा ज्या शब्दावर काढला, त्याच शब्दावर प्रत्येक टेकमध्ये काढावा लागतो.

दैनंदिन मालिकेत तालमीला वेळ नसतो. संवाद अनेकदा सेटवरच हाती पडतात, मग नट हमखास हशाच्या लकबी वापरतो आणि त्याच अंगवळणी पडतात. अभिनय शिबिरांत मात्र आजही भर नकलांवर; समोरच्याचे ऐकून प्रतिक्रिया देण्याचा सराव क्वचितच होतो.

– एक नाट्यप्रेमी वाचक